घड्याळ बरोबर होते हे कशावरून?

गेले चार महिने आमच्या घरात रात्री साडेनऊनंतर टीव्ही बंद असतो. नातवाची दहावी नाही की बारावी नाही. परीक्षा त्याच्या आईची आहे. आमची सून एका सी.ए. फर्ममध्ये बँकांचे आणि पतसंस्थांचे हिशेब तपासते. वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती ‘कॉम्प्युटर हॅकिंग फोरेन्सिक इन्व्हेस्टिगेटर’ असे लांबलचक नाव असलेल्या परीक्षेला बसते आहे. ई.सी.-कौन्सिल ही अमेरिकेतली संस्था ती परीक्षा घेते. १५० प्रश्न, ४ तास, दिलेल्या पर्यायांतून एक निवडायचा. म्हणजे एका प्रश्नाला ९६ सेकंद. हा भागाकार माझा. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला दोन आकडे शेजारी दिसले की त्याचा हात शिवशिवतो.

या अभ्यासात माझे काम प्रश्न विचारण्याचे. ती पोळ्या लाटते, मुलगा भांडी आवरतो आणि मी डायनिंग टेबलाशी चष्मा लावून तिच्या वहीतले प्रश्न मोठ्याने वाचतो. पहिले पंधरा दिवस मला त्यातले अक्षर कळत नव्हते. पुढे कळू लागले आणि मग, खरे सांगायचे तर, झोप उडाली. ती का उडाली हे सांगण्यासाठीच हा लेख.

परीक्षांचे आम्हां बँकवाल्यांना अप्रूप नाही. १९२८ साली स्थापन झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्सची ‘सी.ए.आय.आय.बी.’ आमच्या पिढीने दिली ती बव्हंशी पगारवाढीसाठी. भाग पहिला झाला की इन्क्रिमेंट, दुसरा झाला की आणखी. गाइडे पाठ करायची, मागच्या पाच वर्षांचे प्रश्न सोडवायचे, पास व्हायचे आणि पेढे वाटून झाले की विसरायचे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टची कलमे मी एके काळी धडाधड म्हणून दाखवत असे. काउंटरवर उभ्या असलेल्या विधवा बाईला तिच्या नवऱ्याच्या खात्यातले पैसे कसे मिळतील हे मात्र मला शाखेतल्या जुन्या हेडकॅशियरने शिकवले. सुनेच्या परीक्षेतही पाठांतराचा धंदा आहेच. आधीच्या परीक्षार्थींनी आठवून लिहिलेले प्रश्नसंच विकत मिळतात. तिच्या एका सहकाऱ्याने ते घेतले आणि तीन आठवड्यांत तो पास झाला. हिने घेतले नाहीत. विचारले तर म्हणाली, “बाबा, उद्या मला एखाद्याच्या कॉम्प्युटरबद्दल सही करून द्यायची आहे. प्रश्नसंच थोडाच माझ्याबरोबर कोर्टात येणार आहे?”

या विद्येला मराठीत काय म्हणावे? मी मनाशी ‘संगणकाचा पंचनामा’ असे नाव ठेवले आहे, आणि ते फारसे चुकीचे नाही. पंचनाम्यात जे असते ते सगळे इथे आहे. जागा होती तशी टिपून ठेवणे, मुद्देमाल सील करणे, तो कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची अखंड नोंद ठेवणे. मूळ डिस्कला हात लावायचा नाही हा पहिला धडा. तिच्यावर काहीही लिहिले जाऊ नये म्हणून मध्ये एक छोटी पेटी जोडायची, जिच्यातून फक्त वाचता येते. मग डिस्कची कणाकणाने नक्कल काढायची आणि पुढची सारी तपासणी नकलेवर करायची. संगणक चालू स्थितीत सापडला तर घाईने बंदही करायचा नाही, कारण त्याच्या तात्पुरत्या स्मरणात जे असते ते वीज जाताच जाते. साधा संगणक सुरू करून ‘बघू तरी काय आहे’ म्हटले, तरी आतल्या कितीतरी फायलींच्या तारखा बदलतात. पंचांनीच खोलीभर पायाचे ठसे उमटवावेत, तसे ते होते.

काही गोष्टी तर मला आमच्या लेजरवरूनच कळल्या. संगणकात एखादी फाइल ‘पुसली’ म्हणजे सहसा काय होते? पेन ड्राइव्हमध्ये वापरतात त्या जुन्या फॅट पद्धतीत त्या फायलीच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलून तिथे एक खूण ठेवली जाते, आणि ती जागा आता मोकळी असे धरले जाते. लेजरच्या अनुक्रमणिकेत खातेदाराच्या नावावर काट मारावी आणि आतले पान तसेच राहावे, त्यातला प्रकार. दुसरी फाइल त्या जागेवर लिहिली जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. आणि लिहिली गेली तरी सगळा जाईलच असे नाही. संगणक जागा ठरावीक मापाने देतो, समजा ४,०९६ अक्षरांच्या कप्प्यांनी. नव्या पत्राला पाचशेच अक्षरे लागली तर कप्प्याच्या उरलेल्या भागात जुन्या मजकुराचे तुकडे राहून जाऊ शकतात. नव्या सॉलिड स्टेट डिस्कमध्ये मात्र पुसलेली जागा यंत्र स्वतःच आतून साफ करत राहते, त्यामुळे तिथे ही आशा फार थोडी. सून म्हणते, दर पाच वर्षांनी अर्धा अभ्यास शिळा होतो.

‘हॅश’ नावाची चीजही मला ओळखीची वाटली. टी.टी. म्हणजे तारेने पैसे पाठवण्याच्या काळात आम्ही प्रत्येक निरोपाला ‘टेस्ट’ घालत असू. तिजोरीत ठेवलेल्या कोड-बुकातून तारखेचा आकडा, रकमेचा आकडा, शाखेचा आकडा काढायचा आणि बेरीज निरोपात लिहायची. समोरच्या शाखेत तीच बेरीज आली तर निरोप खरा. हॅश हा त्याचा फार हुशार पणतू. आख्ख्या डिस्कवरच्या मजकुराचे गणित करून तो ३२ किंवा ६४ अक्षरांची एक ओळ काढतो. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी ती ओळ पार बदलते. जप्तीच्या वेळची ओळ आणि कोर्टातली ओळ एकच आली, तर मध्ये कोणी हात लावला नाही असे म्हणता येते. रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये बनवलेली एम.डी.५ ही पद्धत अजून सर्रास वापरात आहे. वेगवेगळ्या मजकुरांची सारखीच ओळ निघेल अशी कारागिरी करता येते हे चिनी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. तरीही आपल्या २०२३ च्या नव्या साक्ष कायद्यातल्या नमुन्यात तिच्यासाठी चौकट आहेच. जुन्या कुलपाबरोबर एक नवेही लावावे, एवढे सुनेच्या पुस्तकाने तिला शिकवले आहे.

अमेरिकेतल्या विचिटा शहरातली एक हकिकत या अभ्यासात हटकून भेटते. १९७४ ते १९९१ या काळात दहा खून करून नामानिराळा राहिलेला एक माणूस पोलिसांना पत्रे पाठवून डिवचत असे. फ्लॉपी पाठवली तर माग लागेल का, असे त्याने पोलिसांनाच विचारले. लागणार नाही, असे उत्तर पोलिसांनी वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून दिले. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याने फ्लॉपी पाठवली. तिच्यातल्या पुसलेल्या फायलीत एका चर्चचे नाव होते आणि ‘डेनिस’ हे नाव होते. डेनिस रेडर त्या चर्चच्या मंडळाचा अध्यक्ष निघाला. नऊ-दहा दिवसांत तो गजाआड होता. सुनेने ही गोष्ट रंगवून सांगितली तेव्हा नातू जेवता जेवता थांबला. पण तिने पुढे जे सांगितले ते मला अधिक मोलाचे वाटले. नुसत्या फ्लॉपीवर पोलिसांनी त्याला पकडले नाही. फ्लॉपीने एक नाव दिले. मग त्याच्या मुलीच्या एका जुन्या वैद्यकीय नमुन्यावरून डी.एन.ए. जुळवून पाहिला आणि त्यानंतर बेड्या घातल्या. फायलीवर ‘डेनिस’ असणे आणि डेनिसने खून केलेला असणे यांत अंतर आहे, हे तिथल्या पोलिसांनी अठरा-वीस वर्षांपूर्वी ओळखले होते.

मग आले वेळेचे प्रकरण. विंडोज आपली वेळ १ जानेवारी १६०१ पासून मोजते. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधीपासून, आणि तीही सेकंदाच्या एक कोटीव्या भागात. युनिक्सचे घड्याळ १ जानेवारी १९७० पासून धावते. कुठे नोंद स्थानिक वेळेत, कुठे ग्रिनिचच्या. आपल्याकडचे सायंकाळचे ६.१० तिकडे दुपारचे १२.४०. साडेपाच तासांच्या या फरकाने भल्याभल्यांना फसवले आहे. मी मजेत वाचत होतो. मग पुढचा प्रश्न वाचला: जप्त केलेल्या संगणकातल्या नोंदींच्या वेळा ग्राह्य धरण्यापूर्वी तपासनीसाने काय करावे?

सुनेने मान वर न करता उत्तर दिले, “यंत्रातलं घड्याळ खात्रीच्या घड्याळाशी ताडून पाहायचं. दोन्ही वेळा लिहायच्या, फरक लिहायचा. पुढचा विचारा, बाबा.”

पुढचा प्रश्न मी त्या रात्री विचारला नाही.

गोष्ट २००४ सालची. तालुक्याच्या गावची आमची शाखा तेव्हा नुकतीच पूर्ण संगणकीकृत झाली होती. मुख्य कार्यालयाशी जोडणी व्हायची होती. एका केबिनमध्ये सर्व्हर, बाहेर आठ संगणक. मी अकाउंटंट होतो आणि दोन आठवड्यांचे ट्रेनिंग झालेला शाखेतला एकटाच अधिकारी, म्हणून ‘सिस्टिम इन-चार्ज’ही मीच. एका पेन्शनर खातेदाराच्या बचत खात्यातून दोन ट्रान्सफर नोंदींनी अडतीस हजार रुपये दुसऱ्या एका खात्यात गेले आणि तिथून काढले गेले. ते दुसरे खाते खोट्या नावाचे निघाले. नोंदी एका लेखनिकाच्या युजर आय.डी.ने केलेल्या, एका अधिकाऱ्याच्या आय.डी.ने पास केलेल्या. वेळ सायंकाळी ५.४१ आणि ५.४४.

लेखनिक म्हणाला, मी केल्या नाहीत. शिपायाने सांगितले, तो त्या दिवशी पावणेसहाच्या सुमारास सहाची एस.टी. पकडायला गेला. म्हणजे ५.४१ ला तो शाखेत होता. खातेनिहाय चौकशी बसली. पोलिसांतही तक्रार दिलेली होती, म्हणून १८९१ च्या बँकर्स बुक्स एव्हिडन्स अ‍ॅक्टप्रमाणे संगणकाच्या छापील उताऱ्याला प्रमाणपत्र जोडायचे ठरले. या कायद्यात २००० साली घातलेल्या कलमानुसार संगणकाची जबाबदारी असलेल्या माणसाने लिहून द्यावे लागते की, अधिकृत व्यक्तींनीच नोंदी कराव्यात यासाठी कोणती दक्षता घेतलेली आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे त्या वेळी यंत्रणा व्यवस्थित चालू होती. विधी विभागाकडून टाइप केलेला नमुना आला. मी सही केली. चहा गार व्हायच्या आत केली.

आता त्या शाखेतली दक्षता काय होती ते सांगतो. पासवर्ड प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये चिठ्ठीवर होता. जेवायला उठताना कोणी लॉग-ऑफ करत नसे, कारण पुन्हा आत शिरायला फार वेळ लागे. ‘चालू राहू द्या रे’ असे सांगणाऱ्यांत मीही होतो. ज्या अधिकाऱ्याच्या आय.डी.ने त्या नोंदी पास झाल्या, तो त्या दिवशी रजेवर होता! हजेरीपटावर रजा, गावी लग्न, लग्नात शाखेतले चार जण हजर. चौकशी अधिकाऱ्याने त्याला लगेच मोकळे केले, आणि ते योग्यच होते. आय.डी. त्याचा असला म्हणून हात त्याचा ठरत नाही. त्याच कागदावर, त्याच नोंदीच्या वरच्या ओळीत लेखनिकाचा आय.डी. होता. तिथे मात्र आय.डी. म्हणजेच माणूस ठरला. का? तर तो ५.४१ ला शाखेत होता म्हणून. सगळा भार त्या वेळेवर येऊन पडला होता.

युनियनचा प्रतिनिधी लेखनिकाची बाजू मांडत होता. मॅट्रिक झालेला, पण तल्लख माणूस. त्याने मला उलटतपासणीत विचारले, “साहेब, हे घड्याळ बरोबर होतं हे कशावरून?”

मी म्हणालो, “ते कॉम्प्युटरचं घड्याळ आहे. ते चुकत नाही.”

खोलीत एक-दोघे हसले. प्रतिनिधी खाली बसला. माझे वाक्य टाइप झाले आणि त्याखाली मी सही केली.

भारनियमनाचे दिवस होते ते. यू.पी.एस. अर्धा तास दम धरी, मग सगळे अंधारात. सर्व्हरच्या बोर्डावर रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती मरायला टेकली की वीज गेल्यावर घड्याळ थबकते आणि वीज आली की थबकले तिथूनच पुढे चालू लागते. आमच्या सर्व्हरचे घड्याळ असे मागे पडे हे मला चांगले ठाऊक होते. कारण ते पुढे मीच करत असे, माझ्या मनगटावरचे घड्याळ बघून. आणि माझे घड्याळ मी तेव्हा सवयीने दहा मिनिटे पुढे ठेवलेले असे. आठवण राहिली त्या दिवशी करायचे, नाही राहिली त्या दिवशी नाही. नोंद कुठेच नव्हती. त्या दिवशी दुपारी तासभर वीज गेली असेल आणि मी विसरलो असेन, तर ५.४१ म्हणजे खरे ६.४१, आणि तेव्हा लेखनिक एस.टी.त होता. नसेन विसरलो, तर तो शाखेत होता. यांतले कोणते, हे मला त्या खोलीतही माहीत नव्हते. तेव्हा मी खोटे बोललो का? तसे नाही. मला खरोखरच तसे वाटत होते. एका हाताने घड्याळ लावायचे आणि दुसऱ्या हाताने ते चुकत नाही असे लिहून द्यायचे, यात काही विसंगत आहे हेच माझ्या लक्षात आले नाही. लेखनिक बडतर्फ झाला. पोलिसांचे प्रकरण पुढे सरकले नाही. महिन्याभरात कंपनीचा इंजिनियर आला आणि त्याने सर्व्हर फॉरमॅट करून नवे सॉफ्टवेअर चढवले. डिस्कची नक्कल काढून ठेवावी हे कोणाच्या डोक्यातही आले नव्हते.

माझ्या एका कादंबरीत असा लेखनिक आहे. कादंबरीत मी त्याला दोषी केले. कथानकाला तेच सोयीचे होते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आणली. पडद्यावर तूट दिसू लागली. पोस्टमास्तर सांगत राहिले की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोर, लबाड ठरवून शिक्षा झाल्या. त्यांतले बहुसंख्य खटले पोस्टाने स्वतःच चालवले होते. सीमा मिश्रा नावाच्या बाईंना २०१० मध्ये गरोदर असताना तुरुंगात जावे लागले. प्रणालीत दोष होते आणि ती बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांना शाखेच्या हिशेबात दुरून शिरता येत होते, हे २०१९ च्या निकालाने मान्य केले. सीमाबाईंची शिक्षा २०२१ मध्ये रद्द झाली. बाकीच्यांसाठी मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला. आणि याचे मूळ? तिथल्या कायद्यात पूर्वी संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावे लागे. ती अट २००० साली उठली. संगणक बरोबरच असणार असे गृहीत धरले जाऊ लागले. माझे वाक्यच म्हणा ना, कायद्याच्या भाषेत.

आपल्या कायद्याने ही अट सोडली नाही, हे आपले भाग्य. तिची कसोटी लागली ती जालन्याच्या खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथला निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला असा आक्षेप होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले कॅमेऱ्याचे चित्रण. पुन्हा घड्याळच पाहा! चित्रणासोबत प्रमाणपत्र हवे होते. ते अर्जदारांनी वारंवार मागूनही अधिकारी देईनात. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने गाजलेल्या या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की, मूळ यंत्रच कोर्टात आणले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र मिळवण्याची सारी धडपड करूनही ज्याला ते दिलेच गेले नाही, त्याला त्याची शिक्षा नको. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. हॅशची ओळ दोघांनीही लिहायची.

या दुसऱ्या भागामुळेच सुनेच्या फर्मने तिला परीक्षेला बसवले आहे. पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या सहकारी बँकांना, पतसंस्थांना, शाळा-कॉलेजांना असे तज्ज्ञ लागणार आहेत. पास झाल्याचे पत्र भिंतीवर लावले म्हणून कोर्ट कोणाला तज्ज्ञ मानते असे नाही, पण गिऱ्हाईक मानते. माझी भीती इथेच आहे. टाइप केलेला नमुना येईल, तज्ज्ञ सही करील, चहा गार व्हायच्या आत. १५० प्रश्नांत ‘काय सापडले’ याचे प्रश्न उदंड आहेत. ‘यावरून काय म्हणता येत नाही’ असे प्रश्न मी वहीत मोजले, ते दोन्ही हातांच्या बोटांवर मावले. खरे तर उलट हवे. फाइल कोणत्या आय.डी.खाली झाली हे यंत्र सांगेल. त्या वेळी खुर्चीत कोण बसले होते हे ते सांगणार नाही, आणि हे वाक्य तज्ज्ञाने स्वतः, न विचारता, अहवालात लिहिले पाहिजे.

कोर्टाचे एक वेळ ठीक आहे, तिथे निदान वकील असतो. नोकऱ्या जातात त्या कचेऱ्यांतल्या चौकशीच्या खोल्यांत. तिथे पुरावा कायद्याची कडक शिस्त नाही, तिथे छापील उतारा हाच पुरावा. बँकांनी आणि सरकारी खात्यांनी एवढे तरी करावे की, संगणकावरच्या नोंदीवरून कोणावर आरोप ठेवायचा तर आधी डिस्कची नक्कल काढावी, तिची हॅश लिहावी, घड्याळातला फरक लिहावा आणि ही नक्कल आरोपीच्या प्रतिनिधीलाही द्यावी. खर्च फार नाही. एका साध्या डिस्कचा आणि एका दिवसाच्या कामाचा. नक्कल काढलेली नसेल तर चौकशी अधिकाऱ्याने तसे निकालपत्रात नमूद करावे, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हा निकाल कशावर उभा आहे.

मी बँकेला पत्र लिहिले. सहा आठवड्यांनी सभ्य उत्तर आले की, नियमानुसार जतन करण्याची मुदत संपल्याने सदर कागदपत्रे नष्ट करण्यात आली आहेत. १९८५ च्या नियमांप्रमाणे बँकेचे कागद पाच किंवा आठ वर्षे ठेवायचे असतात. ते मलाही ठाऊक होते.

मग गेल्या महिन्यात मी त्या गावी गेलो. लेखनिक आता साठीला आला आहे. खताच्या दुकानात हिशेब लिहितो, संगणकावरच. त्याने मला ओळखले, खुर्ची दिली, “साहेब, चहा घेणार ना?” विचारले. मी सगळे सांगितले. बॅटरी, वीज, माझे मनगटावरचे घड्याळ. त्याने मध्ये काही विचारले नाही. नोंदी मी केल्या नव्हत्या, असे तो म्हणाला नाही. केल्या होत्या असेही म्हणाला नाही. मीही विचारले नाही. वीस वर्षांपूर्वी विचारायचे ते विचारले नव्हते, आता कोणत्या तोंडाने विचारू? गिऱ्हाईक आले, त्याने दोन पोती युरियाचे बिल काढले आणि मग म्हणाला, “हे तुम्ही लिहून द्याल का?”

दुकानातल्या बिलाच्या पुस्तकातला मागचा कोरा कागद घेऊन मी लिहायला बसलो. घड्याळ मी हाताने लावत होतो, केव्हा लावले याची नोंद ठेवत नव्हतो, ते चुकत नाही असे मी चौकशीत सांगितले तेव्हा ते मी तपासलेले नव्हते. एवढेच. खाली सही केली, तारीख घातली. वेळ घालताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग मोबाइलकडे. दोहोंत चार मिनिटांचा फरक होता. दोन्ही वेळा लिहिल्या, फरकही लिहिला.